लेकराच्या मरणाचं कारण आधी ठरवा: विदर्भातल्या ठाण्यांना आणि दवाखान्यांना खुले पत्र

प्रति,
पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, सर्व ठाणेदार आणि ग्रामीण रुग्णालयांतले वैद्यकीय अधिकारी,
विदर्भातले अकराही जिल्हे

विषय: लहान मुलांच्या मृत्यूत घरच्या माणसांवर दाखल होणारे गुन्हे, आणि ती माणसं सुटल्यानंतर राहून जाणारं काम

महोदय,

खेड्यात लहान लेकरू अचानक गेलं आणि अंगावर डाग दिसला, की "कशानं गेलं" याच्या आधी "तवा घरी कोण होतं" हे विचारलं जातं. घरी बहुतेक वेळा बाईच असते: सावत्र आई, मोठी माय, आजी, नाहीतर नवी आलेली काकू. त्यात भाऊबंदकीत धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद असला, किंवा एखाद्या पुजाऱ्यानं करणी केली म्हणून कोणाचं नाव आधीच घेऊन ठेवलं असलं, की मर्गाचा, म्हणजे आकस्मिक मृत्यूच्या नोंदीचा, कागद दोन दिवसांत खुनाच्या गुन्ह्यात जातो. पुढे काही वर्षांनी उलटतपासणीत डॉक्टर सांगतात की अशा खुणा दुसऱ्या कारणानंही येऊ शकतात, रासायनिक अहवालात काही निघालेलं नसतं, आणि सत्र न्यायालय त्या बाईला सोडून देतं. तोवर शेत पडीत गेलेलं असतं आणि घरातली उरलेली लेकरं बालगृहात वाढत असतात.

मृत्यूचं कारण ठरल्याशिवाय माणूस ठरवू नका, एवढंच आमचं म्हणणं आहे. ते पाळायचं कसं, आणि चुकतं कुठं, हे पुढे कामाच्या क्रमानं लिहिलं आहे. घरातल्या माणसाकडून लेकरं मारली जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तिथलाही खरा आरोपी सुटतो तो याच चुकांचा फायदा घेऊन.

सुरुवात घटनास्थळापासून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 176(3) सांगतं की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जावं आणि चित्रीकरण व्हावं. पण सुरुवातीला असतो तो मर्ग, कलम 194 खालचा. मर्गात हे पथक कोणी बोलावत नाही. गुन्हा दाखल होईपर्यंत घर सारवून झालेलं असतं, गोधडी धुतलेली असते, बाटली उकिरड्यावर पडलेली असते. म्हणून लहान मुलाच्या प्रत्येक अचानक मृत्यूत मर्गाच्या टप्प्यावरच घराचं चित्रीकरण करा, आणि लेकरू झोपलं होतं ते अंथरूण, शेवटचं दूध किंवा पेज ज्यात होती ते भांडं, घुटी, खोकल्याचं औषध, उवांसाठी वापरलेलं काहीही, आणि फवारणीच्या बाटल्या ताब्यात घ्या. कीटकनाशक शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवायची सवय कापूसपट्ट्यात घरोघर आहे, तेव्हा त्याही बाटल्या घ्या. औषधाच्या बाटलीवर आम्ही जोर देतो त्याला कारण आहे. 2025 साली छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत दगावली. आधी तापाच्या साथीचा संशय होता. तमिळनाडूच्या तपासणीत खोकल्याच्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, तेव्हा कारण कळलं. एखाद्या आडगावात असं एकच लेकरू गेलं असतं आणि बाटली फेकून दिली असती, तर औषध पाजणाऱ्या आजीवर काय आलं असतं याचा विचार करून पाहा.

विदर्भातल्या तीन गोष्टी तपास अधिकाऱ्याच्या डोक्यात पहिल्या दिवशीच असायला हव्यात.

एक मण्यार. ती रात्री जमिनीवरच्या अंथरुणात शिरते. दात इतके बारीक की चाव्याची खूण सहसा दिसत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे लेकरू पोट दुखतं म्हणतं, उलटी होते, पापण्या मिटत जातात, श्वास थांबतो. शवविच्छेदनात निळे ओठ आणि रक्तानं भरलेली फुप्फुसं, म्हणजे गुदमरल्याच्या खुणा, तेवढ्या दिसतात. अहवालात "श्वासावरोध" असा शब्द येतो आणि ठाण्यात त्याचं "तोंडावर उशी दाबली" असं होतं. अशा वेळी कानामागे, केसांत, बोटांच्या बेचक्यांत भिंग घेऊन पाहावं. संशयित जागेची त्वचा खालच्या मांसासह काढावी, आणि तुलनेसाठी दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेचीही. उशी दाबल्याचा संशय असेल तर ओठांच्या आतली बाजू आणि वरच्या ओठाचा आतला पडदा पाहा. मात्र दवाखान्यात घशात नळी घातली असेल तर तोही फाटतो.

दुसरी गोष्ट मेंदूज्वर. चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं ते नागपूरच्या चांदीपुऱ्यावरून, 1965 साली तो तिथल्या रुग्णांच्या रक्तात सापडला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वालूमाशी तो पसरवते. धडधाकट लेकराला ताप येतो, झटके येतात आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सगळं संपतं. या वेगामुळेच विष घातलं किंवा करणी केली, असं गावाला वाटतं. जिवंतपणी काढलेलं रक्त आणि पाठीतलं पाणी, नाहीतर शवविच्छेदनात घेतलेलं, थंड साखळीत ठेवून जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यामार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जायला हवं. गडचिरोलीकडे तर मेंदूचा मलेरिया आधी तपासा, त्याची पट्टी आशाताईकडेही असते.

तिसरी गोष्ट कीटकनाशक. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हा हे विष कातडीतूनही शरीरात जातं हे साऱ्या राज्यानं पाहिलं. तरी लेकराच्या बाबतीत शोध फक्त जठरात घेतला जातो. उवा माराव्या म्हणून केसांना कीटकनाशक चोळलं, तर जठरात काही सापडणार नाही आणि रक्तात सापडेल. टाळूवरचे केस आणि त्वचेवरचा बोळा घ्या. लेकरू जिवंत दाखल झालं असेल तर कोलिनएस्टरेजसाठी (कीटकनाशकानं दबणारं रक्तातलं द्रव्य) रक्त प्रॅलिडॉक्झिम हा उतारा देण्याआधी काढा आणि जठर धुतलेलं पाणी टाकून देऊ नका. विष सापडलं म्हणजे ते पाजलं असंही नव्हे. रांगतं लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालतं. बाटली कुठं होती, किती उंचीवर, झाकण होतं का, हे पंचनाम्यात मोजून लिहा.

आता अंगावरचे डाग. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर, कधी पाठीवर जन्मतःच निळसर करडे डाग असतात. ते माराचे वळ नव्हेत. माराचा वळ दिवसागणिक रंग बदलतो, हा बदलत नाही. जन्मावेळच्या नोंदीत किंवा आशाताईच्या गृहभेटीच्या कागदात तो लिहिलेला असेल तर वाद तिथेच मिटतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनंती, की बाळंतपणानंतर सोडताना असे डाग माता-बाल कार्डावर लिहून द्यावेत, एका ओळीचं काम आहे. वळाच्या रंगावरून "दोन दिवसांपूर्वीचा मार" असं ठामपणे लिहू नका. रंगावरून इतकं नेमकं वय कोणालाही सांगता येत नाही, आणि त्या दोन दिवसांवरूनच पुढे आरोपी ठरतो.

बिब्ब्याचं काय होतं तेही पाहा. खोकल्याला, पोटदुखीला बिब्बा लावला की त्याच्या तेलानं कातडी जळते, फोड येतो, मधे काळा डाग आणि तेल ओघळलं असेल तिथे रेघ. न पाहिलेल्या डॉक्टरला तो चटका वाटतो. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या सळईनं डम्मा देतात. तो गुन्हा आहे, तसाच नोंदवा, आमची त्यात काही सफाई नाही. पण डम्मा दिलेलं बाळ बहुधा आधीच आजारी असतं, म्हणून तर भूमकाकडे, म्हणजे गावठी वैद्याकडे, नेलेलं असतं. ते न्यूमोनियानं गेलं की भाजण्यानं, हे फुप्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय कळत नाही. हे न करता घरच्या म्हातारीवर खुनाचं कलम लावलं, की पुढे ना खून टिकतो ना डम्म्याचा गुन्हा.

मेल्यानंतरही अंगावर खुणा होतात. मुंग्या ओठ, पापण्या, काखा कुरतडतात आणि ते खरचटल्यासारखं दिसतं. रक्त खालच्या बाजूला साचून जांभळे पट्टे येतात. गुटगुटीत बाळाच्या मानेच्या घड्या शीतपेटीतून काढल्यावर दोरीच्या वळासारख्या दिसतात. गळ्यातला काळा धागा, ताईत, कमरेचा करदोडा यांचाही ठसा उठतो. म्हणून ते कापून काढण्याआधी जागेवर असतानाच फोटो घ्या. लेकराला पुरलं असेल आणि तहसीलदारांसमोर उकरून काढलं असेल, तर नाकातोंडातून येणारं लालसर पाणी हे कुजण्याचं असतं. मृत्यूनंतर गुदद्वार सैल पडतं, तेवढ्यावरून पोक्सोचं कलम वाढवू नका. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत उपचार घेऊन गेलेल्या लेकराच्या अंगावर सुयांच्या, हाडात घातलेल्या सुईच्या, पाठीतल्या पाण्याच्या टोचणीच्या खुणा असतात. उपचाराचे कागद प्रेतासोबत पोचले नाहीत, तर शवविच्छेदन करणारा त्यांचा दुसरा अर्थ लावू शकतो. मर्ग शहरातल्या ठाण्यात दाखल होऊन गावच्या ठाण्यात वर्ग होतो, त्या फेऱ्यात हे कागद मागे राहतात. ते आणायची जबाबदारी एका हवालदाराच्या नावानं लिहून द्या.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो मेंदूतल्या रक्तस्रावात. 1971 साली इंग्लंडमधल्या नॉर्मन गुथकेल्च या शल्यविशारदानं मांडलं की बाळाला जोरात हलवलं तर मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त साचू शकतं. पुढे मेंदूवरचं रक्त, डोळ्याच्या पडद्यातलं रक्त आणि मेंदूची सूज हे तिन्ही दिसलं की शेवटी बाळ ज्याच्या हातात होतं तो दोषी, असा नियमच झाला. 2016 साली स्वीडनच्या सरकारी मूल्यमापन संस्थेनं अभ्यास तपासून सांगितलं की केवळ या तीन खुणांवरून हलवल्याचं सिद्ध करायला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. आपल्याकडे आधी पाहायचं ते व्हिटॅमिन के. बाळ घरी जन्मलं असेल, जन्मतः एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन मिळालं नसेल आणि ते केवळ अंगावरच्या दुधावर असेल, तर दोन ते बारा आठवड्यांच्या वयात त्याच्या मेंदूत आपोआप रक्तस्राव होऊ शकतो. मारच लागायला हवा असं नाही. यासाठी प्रोथ्रोम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ही साधी तपासणी आहे. रक्त निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत, खुणेपर्यंत भरून घ्यावं लागतं. नळी अर्धी राहिली तर वेळ खोटी लांबते. आणि ते व्हिटॅमिन के किंवा प्लाझ्मा देण्याआधी घ्यायचं. दिल्यानंतर काही तासांत निकाल सुधारतो आणि पुरावा जातो. तातडीच्या उपचारात डॉक्टर आधी इंजेक्शन देणार, ते बरोबरच आहे, पण त्याआधीची एक नळी बाजूला ठेवायला अर्धं मिनिट लागतं. लेबर रूमच्या रजिस्टरात इंजेक्शनची नोंद आहे का, हे तपास अधिकाऱ्यानं स्वतः पाहून प्रत घ्यावी. प्लेटलेट आणि एपीटीटी (रक्त गोठण्याचीच दुसरी तपासणी) याच वेळी करून घ्या, म्हणजे हिमोफिलिया हा रक्त न गोठण्याचा जन्मजात आजारही तपासला जातो. आणखी एक, साध्या बाळंतपणातही मेंदूच्या आवरणाखाली थोडं रक्त येऊ शकतं आणि बहुधा महिन्या-दीड महिन्यात विरतं. नवजात बाळात ते मोजून पाहा.

सिकलसेलबद्दल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळच्या डॉक्टरांना आम्ही नवं काही सांगत नाही. पण ठाण्यांना सांगायला हवं. सहा महिने ते दोन वर्षांच्या डबल एस, म्हणजे आईबाप दोघांकडून हा दोष आलेल्या, बाळाचे हातपाय अचानक सुजतात, त्याला पिरगाळलं असं वाटतं. प्लीहेत एकाएकी रक्त साचलं तर लेकरू काही तासांत पांढरं पडून जातं आणि शवविच्छेदनात पोटात मोठी, रक्तानं भरलेली प्लीहा दिसते. मग "पोटावर लाथ मारली" हे वाक्य बयाणात यायला वेळ लागत नाही. मलेरियानं वाढलेली प्लीहा तर हलक्या धक्क्यानंही फुटते. एचपीएलसीसाठी (सिकलसेलची खात्रीची तपासणी) रक्त बाहेरचं रक्त चढवण्याआधी, जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन मिली काढून ठेवा. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर भिस्त ठेवू नका, कारण मृत्यूनंतर प्राणवायू संपला की वाहकाच्याही, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेल्या आणि आजारी नसलेल्या माणसाच्याही, पेशी विळ्यासारख्या होतात. लेकराचं रक्त मिळालंच नाही तर आईबापाचं तपासा. वारंवार हाड मोडत असेल तर मुडदूस, स्कर्व्ही आणि ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार पाहिल्याशिवाय मत देऊ नका. त्यासाठी सगळ्या अंगाचे वेगवेगळे एक्स-रे लागतात, सबंध बाळाचा एकच फोटो चालत नाही.

शवविच्छेदनाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण खटला इथंच बिघडतो. पाच वर्षांखालचं संशयास्पद प्रेत ग्रामीण रुग्णालयात उघडू नका, वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागाकडे पाठवा. नुकताच रुजू झालेला डॉक्टर, मदतीला एक सफाई कामगार आणि बाहेर जमाव, अशा वेळी बाळाची कवटी नीट उघडली जात नाही. पाठवणं शक्यच नसेल तर निदान बरण्या तरी बरोबर भरा. जठर आतल्या पदार्थांसह, लहान आतड्याचा तीस सेंटिमीटर तुकडा त्यातल्या पदार्थासह, यकृत, आणि लहान बाळात दोन्ही मूत्रपिंडं, हे रासायनिक तपासणीसाठी मिठाच्या संपृक्त द्रावणात. संपृक्त म्हणजे तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. जठर उघडून, यकृताच्या फोडी करून टाका, नाहीतर मीठ आत पोचत नाही आणि बरणी नागपूरला किंवा अमरावतीला पोचेपर्यंत आतलं कुजतं. बरणी दोन तृतीयांशच भरा, वायू धरला की झाकण उडतं. त्याच मिठाच्या पाण्याचा वेगळा नमुना सोबत द्या. रक्त राखाडी झाकणाच्या, सोडियम फ्लोराइडच्या नळीत.

मेंदू, फुप्फुस, हृदय, यकृत, प्लीहा यांचे तुकडे मात्र दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, वेगळ्या बरणीत, वेगळ्या कागदावर, पॅथॉलॉजीकडे. या दोन्हींची अदलाबदल ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या अवयवात विष शोधणं अवघड होतं, आणि मिठातल्या तुकड्यावर न्यूमोनिया किंवा हृदयाची सूज ओळखता येत नाही. बऱ्याच वेळा तर दुसरी बरणी भरलीच जात नाही, सगळं रासायनिक प्रयोगशाळेकडे जातं, "विष आढळले नाही" असं उत्तर येतं आणि नैसर्गिक आजाराचा पुरावा कायमचा संपतो. तिसरी गोष्ट जंतूंची. हृदयातलं रक्त आणि पाठीतलं पाणी कल्चरला पाठवा. इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क या वकील बाईला 1999 साली स्वतःच्या दोन बाळांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. एका बाळाच्या अंगात जंतुसंसर्ग दाखवणारे अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरजवळच राहिले होते. ते बाहेर आल्यावर 2003 साली ती सुटली. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिग चार लेकरांच्या मृत्यूबद्दल 2003 पासून वीस वर्षं तुरुंगात होती. तिच्या दोन मुलींच्या जनुकांत हृदय अचानक थांबवू शकणारा दोष सापडला आणि 2023 साली शिक्षा रद्द झाली. घरात दुसरं लेकरू तसंच गेलं, म्हणून संशय दुप्पट करण्याआधी आजार घराण्यात आहे का, हे विचारा. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं दोन मिली रक्त जपून ठेवणं इथेही कामाला येतं.

विहिरीत, शेततळ्यात सापडलेल्या लेकरासाठी त्या जागेचं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत सोबत द्या, नाहीतर हाडातल्या मगजात सापडलेले डायॅटम (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ) कशाशी ताडून पाहणार?

मृत्यूची वेळ सांगताना हवामान लिहा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. टिनाच्या खोलीत हवाच शरीराहून गरम असेल तर प्रेत थंड होत नाही. ताठरपणा लवकर येतो, लवकर जातो, लहान अंगात तर आणखी लवकर. पुस्तकातल्या तासांचा हिशेब थंड हवेतल्या मोठ्या माणसांचा आहे. त्या हिशेबानं दुपारचं मरण सकाळचं होतं आणि सकाळी घरात असलेली मोठी माय आरोपी होते, दुपारी ती भलेही वखरणीला गेलेली असो.

बयाणांबद्दल थोडक्यात. भावंडाचं बयाण पहिल्यांदाच चित्रित करा, प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं, त्याच्या बोलीत: कोरकू, गोंडी, कोलामी, माडिया. दुभाषा ज्याचा धुऱ्याला धुरा लागतो तो नको, मग तो पोलीस पाटील असला तरी. "मोठ्या मायनं मारलं ना?" हा प्रश्न पाच माणसांनी पाचदा विचारल्यावर चार वर्षांचं लेकरू हो म्हणणारच. गावसभेत, जमावासमोर दिलेली कबुली हा पुरावा म्हणून दुबळा कागद आहे, पोलिसांसमोरची तर चालतच नाही. पुजाऱ्यानं नाव घेतलं म्हणून बाई संशयित झाली असेल, तर 2013 च्या जादूटोणा प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा त्या पुजाऱ्यावर होतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आहे. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते आणि साक्षीदार म्हणून तिला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही, हे ठाणेदारांना आम्ही शिकवायला नको.

घरात काय झालं ते घरच्यांनीच सांगावं, असं म्हणून साक्ष अधिनियमाच्या कलम 109 वर, म्हणजे जुन्या 106 वर, सारा भार टाकला जातो. सर्वोच्च न्यायालयानं 1956 सालीच, शंभूनाथ मेहरा खटल्यात, सांगून ठेवलं आहे की मूळ गुन्हा सिद्ध करायचं ओझं त्यामुळे आरोपीवर जात नाही. शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात, 1984 साली, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी असावी ते सांगितलं. प्रकरण आपल्याच राज्यातलं होतं. आजारानं किंवा अपघातानं मृत्यू झाल्याची शक्यता तपासलीच नसेल तर ती साखळी पहिल्याच कडीला तुटते.

याला एक कागदी कारणही आहे. शवविच्छेदनाच्या अहवालावर डॉक्टर "मत राखून ठेवले" लिहितात, रासायनिक आणि पॅथॉलॉजी अहवाल आल्यावर अंतिम मत देऊ म्हणतात. आरोपी आत असतो, दोषारोपपत्राची नव्वद दिवसांची मुदत संपत येते, आणि ते अहवालाविना दाखल होतं. अहवाल नंतर येतो आणि ठाण्याच्या फाइलला लागतो. तो घेऊन परत डॉक्टरकडे कोणी जात नाही. अंतिम मत साक्षीच्या पिंजऱ्यातच पहिल्यांदा दिलं जातं, तेव्हा ती बाई निम्मं तारुण्य संपवून बसलेली असते. मृत्यूचं कारण राखून ठेवलेलं असताना खुनाचं कलम कशावर लावलं, हा प्रश्न प्रत्येक पोलीस अधीक्षकानं गुन्हे आढावा बैठकीत विचारावा. अहवाल आरोपीच्या बाजूचा असेल तर तोही पुरवणी म्हणून कोर्टात गेलाच पाहिजे. न वापरलेल्या कागदांची यादी आरोपीला द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 च्या मार्गदर्शक नियमांत घातलं आहे. ती यादी जोडा.

आता सुटकेनंतरचं. निकाल लागला की आपली फाइल बंद होते, सुटलेल्या माणसांचं काम तिथून सुरू होतं. सहा महिन्यांचा जातमुचलका द्यावा लागतो, अपील झालं तर हजर राहण्यासाठी, आणि त्याचाच अर्थ गावात "केस अजून चालूच आहे" असा काढला जातो. निकालाची नक्कल त्यांना काढून द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मदत मिळते, पण सुटलेली व्यक्ती तिथे परत जात नाही, कारण तसं कोणी सांगत नाही. सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या संगणकीय गुन्हे-नोंदीत, निकाल नोंदवा. चारित्र्य पडताळणीत नुसतं "गुन्हा दाखल होता" असं न लिहिता निकालाची तारीख आणि न्यायालय लिहा. "संशयाचा फायदा" या दोन शब्दांवरून अंगणवाडी मदतनीसाचं काम नाकारलं जातं, तेव्हा तपासच अर्धा होता म्हणून संशय उरला, हे त्या निकालपत्रातल्या परिच्छेदांतच असतं. जप्त केलेला मोबाइल, दागिने, कागद परत करा. शिधापत्रिकेतून गेलेलं नाव तहसीलमधून चढवून घ्या. बाल कल्याण समितीला निकालाची प्रत ठाण्यानंच पाठवावी, म्हणजे बालगृहातल्या लेकरांना घरी सोडण्याचा विषय समितीसमोर येईल. त्या लेकरांना आई किंवा आजी खुनी आहे असं वर्षानुवर्षं कळवलेलं असतं, तेव्हा सुरुवातीच्या भेटी समुपदेशकासोबत व्हाव्या.

भरपाईचं बोलायचं तर संहितेच्या कलम 399 खाली, कारण नसताना अटक करवणाऱ्याकडून जास्तीत जास्त 1,000 रुपये मिळू शकतात. एका वकीलपत्राचा खर्चही त्यात निघत नाही. विधी आयोगानं 277व्या अहवालात, 2018 साली, चुकीच्या खटल्यांसाठी वेगळी न्यायालयं आणि कायदेशीर भरपाई सुचवली होती. नव्या संहितेत ती आली नाही. उच्च न्यायालयात रिट करायची वाट उरते. 2019 साली अंकुश शिंदे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा झालेल्या सहाही जणांना निर्दोष सोडून राज्याला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले, पण तोवर त्यांची सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

आपल्या हातात मात्र एक गोष्ट आजच आहे. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या खटल्यात, जानेवारी 2014 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक राज्याला आदेश दिला की सुटका झालेला प्रत्येक खटला पोलीस आणि अभियोग विभागाच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीनं तपासावा, चूक कुठे झाली ते लिहावं, त्यावरून प्रशिक्षण द्यावं आणि निष्काळजी अधिकाऱ्यावर कारवाई करावी. तोही खटला एका लहान मुलीच्या खुनाचाच होता. लहान मुलांच्या मृत्यूत नातलग सुटले अशा खटल्यांची गेल्या पाच वर्षांची इतिवृत्तं प्रत्येक जिल्ह्यानं काढून पाहावीत. त्यात फक्त "साक्षीदार फितूर" लिहिलेलं असेल तर ते पुन्हा तपासायला लावा. फॉर्मॅलिनची बरणी भरली होती का, उपचाराचे कागद आले होते का, अंतिम मत कोणत्या तारखेला मागवलं, हे तीन रकाने त्या नमुन्यात वाढवा. तालुक्याच्या पुढच्या प्रशिक्षणात ठाणेदार आणि वैद्यकीय अधिकारी एकाच खोलीत बसवा, बरण्या समोर ठेवा.

आपले,
विदर्भातल्या जिल्हा न्यायालयांत आणि सरकारी दवाखान्यांत काम करणारे काही वकील, डॉक्टर व समाजकार्यकर्ते

प्रत: नागपूर, अमरावती व गडचिरोली परिक्षेत्राचे वरिष्ठ पोलीस अधिकारी, अभियोग संचालनालय, प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, नागपूर व अमरावती, सर्व जिल्हा बाल कल्याण समित्या